घरचा डिओ वितळतो, खाज आणतो, दुपारी साथ सोडतो: मराठवाड्याच्या उन्हात काय बदलायचं

मार्च लागला की घरी डिओ करणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते. थंडीत छान जमलेला डिओ डबीत तेल होऊन बसलाय, तळाशी पांढरा गाळ साचलाय आणि लावला तर काखेत आग होते. मोबाईलवर बघितलेली कृती तर तंतोतंत पाळलेली असते: खोबरेल, खाण्याचा सोडा, आरारूट आणि वर चार थेंब सुगंधी तेल. करणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं. ज्या घरांत खोबरेल डबीत घट्ट राहतं, त्या घरांसाठी ती कृती बेतलेली आहे. आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो, आणि बोअरच्या पाण्यात साबणाला धड फेससुद्धा येत नाही. म्हणून तीन गोष्टी बदलाव्या लागतात: तेल, सोडा आणि पाणी.

त्याआधी अपेक्षा नीट ठरवून घ्या, कारण निम्मी निराशा तिथूनच येते. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. काखेत एका वेगळ्या प्रकारच्या घर्मग्रंथी असतात, त्यांचा स्राव जरा दाट असतो. त्वचेवरचे जिवाणू तो स्राव खातात आणि त्यातून वासाची आम्लं आणि गंधकयुक्त द्रव्यं तयार होतात. घरचा डिओ या जिवाणूंना आवर घालतो, थोडा ओलावा शोषतो आणि आम्लाचा वास मारतो. घाम मात्र तो थांबवत नाही. बाजारातल्या अँटिपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात, ते काम खोबरेल आणि सोड्याला जमणार नाही. भर उन्हात एसटीतून उतरल्यावर शर्ट काखेत ओला असेल, पण वास येत नसेल, तर तुमचा डिओ पास झाला असं समजा.

डबीत तेल वर, गाळ खाली

खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं. आपल्या घरात फेब्रुवारीच्या शेवटापासून ते ऑक्टोबरपर्यंत दुपारी तेवढं तापमान असतंच. तेल पातळ झालं की त्यात सोडा आणि आरारूट तरंगत राहू शकत नाही, तळाशी बसतं. मग वरून बोट फिरवणाऱ्याला नुसतं तेल मिळतं, आणि डबी संपत आली की शेवटच्या आठवड्यात सगळा सोडा एकदम काखेत जातो. सुरुवातीला काहीच परिणाम नाही आणि शेवटी एकदम पुरळ, या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच असतं. नांदेडला वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या भाच्यानं फोनवर डबी उलटी करून दाखवली होती: "मावशे, ह्ये तर तेलच व्हायलंय की! हलवून लावू का?" हलवून लावल्यानं दोन मिनिटं भागतं, पण तोवर डबी बॅगेत आडवी पडलेली असते आणि वह्या तेलकट झालेल्या असतात.

यावर फ्रिज हा उपाय सांगतात. तो घरी बसणाऱ्याला ठीक आहे. ज्याला सकाळी सातला वाळूजच्या शिफ्टला जायचंय त्याच्या उपयोगाचा नाही, आणि लोडशेडिंग असलं की घरीही नाही. खरा इलाज म्हणजे जास्त तापमानाला वितळणारा स्निग्ध पदार्थ वापरणं. कोकमाच्या बियांचं तेल, ज्याला कोकणात भिरंडेल म्हणतात आणि दुकानात कोकम बटर म्हणून मिळतं, ते साधारण ३८-४० अंशांपर्यंत घट्ट राहतं. भेगांसाठी थंडीत आपल्याकडंही अनेक घरांत त्याचा गोळा असतो. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. या दोघांनी खोबरेलाला धरून ठेवलं की मे महिन्यातही डबी शाबूत राहते.

उन्हाळ्यासाठी माझं प्रमाण असं आहे: मधमाशीचं मेण २० ग्रॅम, कोकम बटर ३० ग्रॅम, खोबरेल २५ ग्रॅम, आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम आणि झिंक ऑक्साइड ५ ग्रॅम. मोजायला छोटा वजनकाटा वापरा. चमच्यानं मेण मोजता येत नाही, किसलेलं आणि तुकड्यांचं वजन फार वेगळं पडतं. मेण घेताना एक काळजी घ्या: मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन, त्याला वास नसतो. मधमाशीच्या मेणाला मधाचा मंद वास येतो आणि रंग पिवळसर असतो. खादी भांडारात विचारून बघा.

करताना घाई नको. पातेल्यात चार बोटं पाणी उकळायला ठेवा, त्यात स्टीलची वाटी ठेवून आधी मेण, मग कोकम बटर, शेवटी खोबरेल वितळवा. थेट आचेवर कधीही ठेवू नका, मेण पेट घेऊ शकतं. वाटीत पाण्याचा एक थेंबसुद्धा जाऊ देऊ नका. सगळं एकजीव झालं की वाटी खाली उतरवा आणि तिच्याकडं लक्ष ठेवून बसा. आधी कड पांढुरकी होते, मग मध्यभाग धुरकट होतो, आणि चमचा फिरवला की त्याची रेघ क्षणभर राहते. पावडर घालायची वेळ हीच. पातळ असताना घातली तर ती खाली बसणारच. आरारूट आणि झिंक ऑक्साइड आधी वस्त्रगाळ केलेलं हवं, नाहीतर काखेत रवाळ टोचतं. झिंक ऑक्साइड बारीक उडतं, तेव्हा पंखा बंद करा आणि नाका-तोंडाला रुमाल बांधा. भराभर ढवळून डबीत ओता आणि डबी लगेच थंड पाण्याच्या ताटलीत ठेवा. सावकाश गार होऊ दिलं तर कोकम बटरचे कण धरतात आणि डिओ दाणेदार होतो. तसा झाला असेल तर तो खराब नाही. पुन्हा वितळवून झटपट गार केला की मऊ होतो.

ज्यांना मेण-बिण काही नको, खोबरेलाचीच कृती ठेवायची आहे, त्यांनी काचेची घट्ट झाकणाची बाटली माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवावी. आपली हवा कोरडी, त्यामुळं वाळूतलं पाणी उडताना बाटली गार राहते. पावसाळ्यात दमट हवेत ही युक्ती चालत नाही.

काखेत आग, लाली, काळे डाग

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात जास्त चुकीचा सल्लाही हिच्याच बाबतीत दिला जातो. "शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, दोन आठवडे सोसा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. विषारी द्रव्यं बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, काख नाही. अँटिपर्स्पिरंट सोडल्यावर काही दिवस घाम जास्त वाटतो हे खरं, कारण नळ्यांची बुचं निघून जातात. पण आग, लाली, सोलवटलेली कातडी म्हणजे त्वचा नाही म्हणतेय. त्याच दिवशी डिओ बंद करा.

कारण बहुतेक वेळा सोडा असतो. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साधारण ४.५ ते ५.५. खाण्याच्या सोड्याचं पाणी ८ च्या थोडं वर जातं. एखाद्या दिवशी काही होत नाही, पण रोज घासलं, त्यात घाम आणि कपड्याचं घर्षण, की त्वचेचं संरक्षक आवरण झिजतं. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट: वाण्याकडून सुटा सोडा आणला असेल तर तो खाण्याचाच आहे ना, ते खात्रीनं बघा. धुण्याचा सोडा दिसायला तसाच पांढरा, पण त्याचा पीएच ११ च्या आसपास असतो. तो काखेत गेला तर त्वचा भाजते. डिओसाठी सोडा घ्यायचा तर नाव छापलेला पाकीटबंदच घ्या.

वरच्या माझ्या प्रमाणात सोडा का नाही हे आता लक्षात आलं असेल. झिंक ऑक्साइड ते काम हळुवारपणे करतं. लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळावरच्या मलमातही तेच असतं. ज्यांना सोडा सोसतो त्यांनी शंभर ग्रॅमला ३-४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. कुठलाही नवा डिओ आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, मग काखेत.

सोडा नसतानाही आग होत असेल तर तीन ठिकाणी शोधा. केस काढले त्या दिवशी काहीच लावू नका, ब्लेडनं किंवा क्रीमनं त्वचा उघडी पडलेली असते. दुसरं, सुगंधी तेलं. लवंग आणि दालचिनीचं तेल काखेत अजिबात नको. टी-ट्री, लव्हेंडर हेसुद्धा शंभर ग्रॅमला दहा-बारा थेंबांपुढं नको, आणि काहींना तेवढ्यानंही त्रास होतो. सुवास हवाच असेल तर दिवाळीच्या उटण्यातली मंडळी, नागरमोथा, कपूरकाचरी आणि वाळा यांची वस्त्रगाळ पूड अर्धा-एक चमचा घाला. वास मंद येतो, पण घरचा वाटतो. तिसरं, लिंबू. लिंबाची फोड काखेत चोळायचा सल्ला गावोगाव दिला जातो. लिंबाच्या रसातली आणि सालीतली काही द्रव्यं उन्हात त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणि नंतर महिनोन्महिने टिकणारे काळे डाग आणतात. बिनबाह्यांचं घालून शेतात किंवा गच्चीवर काम करणाऱ्यांनी तर हे मुळीच करू नये.

आता जे डिओमुळं नसतंच ते. कडा लाल, मधे फिकट, गोल पसरत जाणारी खाज म्हणजे बहुधा गजकर्ण. घाम आणि घट्ट कपड्यांमुळं उन्हाळ्या-पावसाळ्यात ते काखेत आणि जांघेत हमखास होतं. त्यावर डिओ बदलून काही होणार नाही. आणि कृपा करून मेडिकलवाल्याकडून खाजेची मिश्र ट्यूब आणून चोळू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस आराम पडतो आणि मग गजकर्ण दुप्पट पसरून चिवट होतं. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, सरकारी रुग्णालयातही त्वचारोग विभाग असतो. तसंच काखेत आणि मानेमागं जाड, मखमली काळेपणा येत असेल तर तो डिओचा डाग नाही. त्याचा संबंध बऱ्याचदा वाढलेल्या वजनाशी आणि रक्तातल्या साखरेशी असतो. घासून तो जात नाही, साखर तपासून घ्यावी.

तुरटीचं पाणी गढूळ होतं, काम करत नाही

खरं सांगायचं तर आपल्या भागासाठी मला तुरटीच सगळ्यात योग्य वाटते. वितळायचा प्रश्न नाही, कपडे तेलकट नाहीत, खडा दहा-वीस रुपयांत मिळतो आणि दाढीनंतर लावायची सवय घरोघरी आहेच. तरीही लोक ती सोडून देतात, कारण बाटलीतलं पाणी दुधाळ होतं, तळाशी कापसासारखे पुंजके येतात आणि फवारल्यावर वास जसाच्या तसा राहतो.

दोष पाण्याचा आहे. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. तुरटी आम्लधर्मी असते, बायकार्बोनेट तिला मारतं आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके बनून खाली बसतात. रांजणातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ घेऊन खाली जातं ते हेच. पिण्याचं पाणी निवळायला ही गोष्ट उपयोगाची, डिओच्या बाटलीत तोट्याची, कारण काखेत जायच्या तुरटीचा काही भाग बाटलीच्या तळाशीच संपतो.

म्हणून पाणी जारचं किंवा आरओचं घ्या, उकळून गार करा. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम तुरटी, म्हणजे साधारण एक चमचा पूड, आणि पाच-सहा थेंब ग्लिसरीन, म्हणजे त्वचा ओढल्यासारखी होत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. एकावेळी पंधरा दिवसांपुरतंच करा. बाटली प्लास्टिकची, कारण तुरटीचं पाणी लोखंडाला गंज आणतं. उन्हाळ्यात फवारणीचं तोंड वारंवार बंद पडतं. कोरड्या हवेत पाणी उडून तिथं तुरटीचे स्फटिक धरतात. टाचणीनं कोरू नका, तोंड काढून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा.

पाणी चांगलं असूनही काम होत नसेल तर साबणाकडं बघा. जड पाण्यात साबण धुतला जात नाही, त्याची चिकट साय काखेत राहते आणि त्यावर तुरटी लावली की दोन्ही मिळून पांढरा चिकट थर होतो. अंघोळीचा शेवटचा तांब्या काखेसाठी राखून ठेवा, हातानं चोळून चिकटपणा जाईपर्यंत धुवा, पुसा, मगच फवारा. आणि तुरटी लावून वर सोड्याचा डिओ कधीही लावू नका. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, हातात उरतो तो नुसता पांढरा चोथा. लिंबू-सोडा मिसळून लेप करणाऱ्यांचंही तेच होतं. फसफस बघून काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं, पण फेस बसला की कामाचं फारसं काही उरत नाही.

तुरटी "अ‍ॅल्युमिनियमरहित" म्हणून विकली जाते ते मात्र खरं नाही. तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. अ‍ॅल्युमिनियमच्या डिओमुळं स्तनाचा कर्करोग होतो असा संबंध आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तेवढं डॉक्टरांना विचारून वापरावी.

सकाळी ठीक, दुपारी पुन्हा वास

डिओ कितीही चांगला असला तरी कालच्या जिवाणूंवर थापला तर टिकत नाही. काख धुतलेली आणि कोरडी हवी. पाणीटंचाईत हे सांगणं सोपं आहे आणि करणं अवघड, हे मला माहीत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाचे दिवस आठवणाऱ्यांना रोज दोनदा अंघोळ करा असं सांगायची माझी हिंमत नाही. पण पूर्ण अंघोळ लागत नाही. अर्धा तांब्या पाण्यात सुती फडका भिजवून संध्याकाळी काखा पुसल्या तरी फार फरक पडतो. दुपारी पुन्हा लावायचं असेल तर आधी ओल्या रुमालानं पुसा. घामावरच लावलं तर डिओ घामाबरोबर ओघळतो.

मात्रा तुरीच्या दाण्याएवढी, दोन्ही काखांना मिळून. जास्त लावल्यानं जास्त वेळ टिकत नाही, शर्ट तेवढा तेलकट होतो.

आणि एवढं करूनही दहा वाजता वास येत असेल तर नाक काखेजवळ न नेता शर्टाजवळ न्या. पॉलिस्टरचा गणवेश, टेरिकॉटचा शर्ट, खेळाचा टी-शर्ट यांत तेलकट घाम आणि जिवाणू अडकून बसतात. धुवून वाळल्यावर वास येत नाही, पण अंगावर घालून तासभर झाला, कापड गरम आणि ओलं झालं की परत उठतो. कित्येकांनी अशा शर्टापायी चांगला डिओ फेकून दिलाय. असा शर्ट उलटा करून एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा आणि उलटाच कडक उन्हात वाळवा. ऊन तर आपल्याकडं फुकट आहे. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही करू नका, विषारी वायू होतो. रोजच्या कामाला जमेल तेवढे सुती कपडे घाला.

तेलाच्या डिओचे डाग पडलेच तर कापड ओलं करण्याआधी डागावर भांड्याचा लिक्विड साबण चोळून पंधरा मिनिटं ठेवा. आधी पाणी लागलं की तेल धाग्यात अडकतं. डिओ लावल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून कपडे घातले तर ही वेळच येत नाही.

जाता जाता मेथीचं सांगते. बाळंतिणीला मेथीचे लाडू चालू असतात तेव्हा घामाला वेगळाच गोडसर वास येतो आणि ती बिचारी डिओ बदलत बसते. तो वास मेथीतल्या द्रव्याचा आहे, लाडू संपले की जातो. डिओत काही बिघाड नाही.

पावसाळा आणि थंडीतले फेरफार

पावसाळ्यात ओलं बोट डबीत घातलं की आरारूटला पाणी लागतं आणि बुरशी धरते. डबीवर हिरवा-काळा ठिपका दिसला की तेवढाच भाग खरवडून वापरू नका, सगळं टाकून द्या. त्या महिन्यांत लहान डब्या भरा आणि कोरड्या चमच्याच्या दांड्यानं काढा.

दिवाळीनंतर उलटी अडचण येते. परभणीकडं थंडीत पारा कधी कधी एक आकडी होतो, आणि मेमध्ये नीट वागणारा डिओ दगडासारखा होऊन काखेत खरखरतो. तेव्हा मेण २० वरून ८ ग्रॅमवर आणा, कोकम बटर १५ करा आणि खोबरेल ५२. उरलेला उन्हाळी डिओ टाकायची गरज नाही. १०० ग्रॅमला ३० ग्रॅम खोबरेल आणि ८ ग्रॅम आरारूट वाढवून पाण्यावरच्या वाटीत पुन्हा वितळवा, घट्ट होऊ लागेपर्यंत ढवळा आणि डबी भरा. आणि मार्च लागायच्या आधी पुन्हा उन्हाळ्याच्या प्रमाणावर या.